ल्युपसमध्ये कोलेस्टेरॉलची गोळी ट्रायलमध्ये फेल गेली म्हणे, मग मला का दिलीय?

रानजाई
मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय ३४, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) होऊन सहा वर्षं झाली, गेल्या वर्षी किडनीत शिरला. बायोप्सी झाली, मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू झालं, स्टिरॉइड वाढलं, एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ल्युपसचं नेहमीचं औषध) आधीपासून होतंच. मागच्या व्हिजिटला लिपिड प्रोफाइल केलं त्यात एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६२ निघालं. डॉक्टरांनी रात्री एक अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी) लिहून दिली आणि म्हणाले की ल्युपसवाल्यांच्या रक्तवाहिन्या वयाच्या आधी म्हाताऱ्या होतात, घेऊन टाक.
मी गुपचूप गोळ्या घेऊन घरी आले. तर भावाने (तो डॉक्टर नाही, पण त्याच्याकडे इंटरनेट आहे) एक लेख पाठवला की ल्युपसमध्ये हेच औषध दोनदा तपासलं आणि दोन्ही वेळा काही उपयोग दिसला नाही. तेव्हापासून अकरा दिवस ती पट्टी खणात पडून आहे, फोडलेलीही नाही. दिवसाला आधीच चौदा गोळ्या होतात माझ्या. तपासून फेल गेलेली पंधरावी कशाला घ्यायची, एवढंच विचारायचंय.
"डॉक्टरांना विचार" एवढंच लिहू नका प्लीज, पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे.

आळशी_कासव
डॉक्टरांना विचार.
(पळतोय)

पारिजात१२
कासवा, तू सुधारणार नाहीस.
रानजाई, वाचतेय गं. मलाही हीच गोळी दोन वर्षांपासून आहे आणि का आहे हे मी आजवर विचारलेलंच नाही याची आत्ता लाज वाटली.

खवचट
कोलेस्टेरॉल हा गेल्या पन्नास वर्षांतला सगळ्यात मोठा धंदा आहे. आधी नॉर्मलचा आकडा खाली आणायचा मग अर्ध्या जगाला गोळी लावायची. ताई तुमच्या भावाचं बरोबर आहे, दोनदा तपासून काही निघालं नाही म्हणजे नाही. नैसर्गिक उपायांनी बघा.

जाडंभिंग
खवचटराव, स्टॅटिन बुरशीतून आलंय, आणखी किती नैसर्गिक पाहिजे? अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हजारो बुरशा तपासून पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीतून पहिलं स्टॅटिन शोधलं. पुढे १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिन बाजारात आलं, तेही बुरशीचंच.
आणि धंद्याचं म्हणाल तर १९९४ ची फोर-एस ट्रायल वाचा. ४४४४ हृदयरोगी, अर्ध्यांना सिम्व्हास्टॅटिन, अर्ध्यांना खोटी गोळी (दिसायला तशीच, आत औषध नाही), पाच वर्षं. गोळीवाल्या गटात एकूण मृत्यूच ३० टक्क्यांनी कमी झाले. रिपोर्टवरचा आकडा सुधारला एवढ्यावर ते थांबले नाहीत, माणसं मोजली त्यांनी.
पण रानजाईचा प्रश्न वेगळा आहे, तो मला आवडला. ते लोक हृदयरोगी होते, ल्युपसवाले नव्हते. ल्युपसच्या दोन ट्रायल्सबद्दल रात्री नीट लिहितो, आत्ता मीटिंगमध्ये आहे.

आळशी_कासव
मीटिंगमध्ये बुरशीवर निबंध लिहिणारा माणूस. मानलं.

मधलीवाट
मी इथे फार लिहीत नाही पण या धाग्यावर लिहायलाच पाहिजे. मला ४१ व्या वर्षी हार्ट अटॅक आला. ल्युपस तेव्हा बारा वर्षांचा होता. छातीत दुखलं नाही, जबडा आणि पाठीचा वरचा भाग दुखत होता आणि घाम. दाढ असेल म्हणून मी आधी लवंगेचं तेल लावलं, खरंच सांगते. मग एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेले तर पहिला ईसीजी ठीक आला आणि तिथल्या मुलाने अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन "टेन्शन घेता का" विचारलं. वय कमी, बाई, बारीक अंगकाठी, धूम्रपान नाही. मी त्याला ल्युपस आहे म्हटलं तर तो म्हणाला त्याचा इथे काय संबंध. चार तासांनी परत गेले तेव्हा ट्रोपोनिन (हृदयाला इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) केलं आणि मग सगळे पळायला लागले.
आता ऐका. माझं एलडीएल तेव्हा १०४ होतं. म्हणजे कुठल्याही रिपोर्टवर लाल खूण न येणारं. म्हणून मला दोन्ही बाजूंचं हसू येतं, कोलेस्टेरॉल थोतांड आहे म्हणणाऱ्यांचं पण आणि कोलेस्टेरॉल खाली आणलं की झालं म्हणणाऱ्यांचं पण. मी आज ८० ची अ‍ॅटोर्व्हा घेते, एकदा अटॅक आल्यावर तिथे चर्चेला जागा नसते.

रानजाई
मधलीवाट ताई, अंगावर काटा आला. जबडा आणि पाठ हे लक्षात ठेवते.

सायंतारा
माझी मुलगी १५ वर्षांची आहे, अकराव्या वर्षी निदान झालं. हे सगळं वाचून पोटात गोळा आला आहे. लहान मुलांनाही हे असतं का? तिच्या डॉक्टरांनी स्टॅटिनचा विषय कधीच काढलेला नाही.

स्टेथोवाला
मी फिजिशियन आहे, रूमॅटॉलॉजिस्ट (संधिवात, ल्युपस बघणारा) नाही, त्यामुळे माझं बोलणं त्या मापाने घ्या.
ल्युपस आणि हृदय ही जोडी १९७६ साली ठळक झाली. टोरांटोच्या मरे युरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ल्युपसमधले मृत्यू दोन लाटांत येतात. पहिली लाट निदानानंतर लवकर, ती आजाराच्या भडक्याने आणि इन्फेक्शनने. दुसरी कित्येक वर्षांनी, आजार बऱ्यापैकी शांत असताना, आणि त्यात हृदयविकार. स्टिरॉइडने लोक पहिली लाट पार करायला लागले तेव्हा दुसरी दिसायला लागली.
मग १९९७ मध्ये पिट्सबर्गच्या सुझन मँझी यांचा अभ्यास आला, ल्युपसच्या ४९८ बायका आणि तुलनेला फ्रेमिंगहॅम या अमेरिकेतल्या मोठ्या हृदय-अभ्यासातल्या बायका. ३५ ते ४४ वयोगटात ल्युपसच्या बायकांना अटॅक येण्याचं प्रमाण पन्नास पट निघालं. हा "पन्नास पट" आकडा सगळीकडे फिरतो आणि पेशंटना घाबरवतो. त्या वयाच्या निरोगी बाईला अटॅक जवळजवळ येतच नाही हे मात्र कोणी सांगत नाही. जवळजवळ शून्याच्या पन्नास पट म्हणजे प्रत्येकीला अटॅक येणार असं नव्हे, पण दुर्लक्ष करण्याजोगं पण नव्हे.
सायंतारा, मुलांसाठीच एक ट्रायल झाली होती. जाडंभिंग लिहिणार असतील तर मी थांबतो.

जाडंभिंग
आलो. चहा घेऊन बसलोय, लांब होणार.
ट्रायल पहिली, जॉन्स हॉपकिन्सची, मिशेल पेट्री यांची, २०११ ला छापली. ल्युपसचे २०० पेशंट, कोणालाच हृदयविकार झालेला नाही. निम्म्यांना अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४०, निम्म्यांना खोटी गोळी, दोन वर्षं. मोजलं काय? सीटी स्कॅन करून हृदयाच्या धमन्यांमध्ये किती कॅल्शियम साठलंय ते. दोन वर्षांनी दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही.
ट्रायल दुसरी मुलांची. तिचं नाव अ‍ॅपल, ड्यूक विद्यापीठाच्या लॉरा शॅनबर्ग प्रमुख. १० ते २१ वयाची २२१ मुलं, उत्तर अमेरिकेतली २१ केंद्रं, तीन वर्षं. इथे मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या आतल्या अस्तराची जाडी सोनोग्राफीने मोजली. गोळीवाल्यांत जाडी वर्षाला ०.००१० मिलिमीटरने वाढली, खोट्या गोळीवाल्यांत ०.००२४ ने. गोळीकडे झुकणारा फरक आहे पण योगायोगानेही येऊ शकतो इतका लहान, म्हणून निकाल "फरक सिद्ध नाही".
आता जरा आकडा डोळ्यासमोर आणा. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी जाड असतो. वर्षाला केसाचा सत्तरावा भाग विरुद्ध तिसावा भाग, हे धडधडणाऱ्या धमनीवर, चुळबुळ करणाऱ्या पोरांच्या मानेवर मोजायचं.
आणि अटॅक किती आले हे दोन्ही ट्रायल्सनी तपासलंच नाही, तपासू शकतही नव्हत्या, कारण दोनशे तरुण लोकांत दोन-तीन वर्षांत अटॅक येणार किती? एक, दोन? म्हणून अटॅकऐवजी त्याची सावली, म्हणजे धमन्यांतले बदल, मोजले. रानजाईच्या भावाला सांगा की "ल्युपसमध्ये स्टॅटिनने अटॅक टळत नाहीत" असं कोणीही सिद्ध केलेलं नाही. टळतात असंही केलेलं नाही.

खवचट
म्हणजे माझंच म्हणणं. सिद्ध नाही तर देता कशाला?

जाडंभिंग
नाही हो. दिव्याच्या उजेडात किल्ली सापडली नाही म्हणून किल्ली नाहीच असं होत नाही. आपण उजेड होता तिथेच शोधलं.

पारिजात१२
ती मानेची सोनोग्राफी माझी झालीय! एका अभ्यासासाठी घेतलं होतं. अंधारी खोली, मान एका बाजूला वळवून झोपायचं, मानेवर ते गारेगार जेल. टेक्निशियन बाई अर्धा तास एकाच जागेवर प्रोब धरून बसल्या होत्या. स्क्रीनवर काळा पट्टा दिसतो, तो रक्ताचा, आणि त्याच्या कडेला दोन पांढऱ्या रेघा समांतर, ट्रामच्या रुळांसारख्या. त्या दोन रेघांमधलं अंतर मोजायचं असतं. त्या माउसने एक एक बारीक टिंब ठेवत होत्या आणि मला म्हणाल्या आवंढा गिळू नका. त्यांनी असं म्हटलं की आवंढा आलाच. परत पहिल्यापासून.
त्यामुळे ०.००१ वगैरे वाचून मला हसायलाच आलं. माझ्या एका आवंढ्याने ट्रायलचा निकाल फिरला असता.

आळशी_कासव
विज्ञानाच्या प्रगतीत पारिजातच्या आवंढ्याचे योगदान. स्वतंत्र धागा काढावा ही विनंती.

सायंतारा
मला एक कळत नाही. त्या अ‍ॅपलमध्ये निम्म्या मुलांना खोटी गोळी दिली. दहा वर्षांची ल्युपस असलेली मुलं. त्यांच्या आईबापांनी हो कसं म्हटलं? माझ्या मुलीला कोणी जाणूनबुजून खोटी गोळी तीन वर्षं देणार असेल तर मी नाही सही करणार. आधीच तिला रोज सकाळी गोळ्या घ्यायला लावताना माझा जीव जातो, त्यात एक अशी की जिच्यात काहीच नाही.

स्टेथोवाला
ताई, भावना समजते. पण उलट्या बाजूने बघा. तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं की वाढत्या वयाच्या ल्युपसच्या मुलांना स्टॅटिन द्यावं की देऊ नये. फायदा माहीत असताना लपवून ठेवला असता तर तो गुन्हा होता. खोट्या गोळीच्या गटाचीही ल्युपसची बाकी औषधं चालूच असतात, ती कोणी काढून घेत नाही. आणि समजा ट्रायल झालीच नसती तर? आज तुमच्या मुलीला प्रत्येक डॉक्टरने आपापल्या अंदाजाने गोळी लावली असती. त्या मुलांनी तीन वर्षं गोळ्या गिळल्या म्हणून आज तुमच्या डॉक्टरांनी विषय न काढणं बरोबर आहे असं मी म्हणू शकतो. ल्युपस आहे म्हणून सरसकट सगळ्या मुलांना स्टॅटिन द्यायचं नाही, हा त्या ट्रायलचा निष्कर्ष. एक चांगली गोष्टही कळली, त्रास दोन्ही गटांत सारखाच होता, म्हणजे ज्या मुलाला खरंच गरज पडेल त्याला देताना हात थरथरणार नाही.

मधलीवाट
+१. एक आई म्हणून मीही सही केली असती का माहीत नाही पण ज्यांनी केली त्यांचे उपकार आहेत.

सायंतारा
हं. असा विचार केला नव्हता.

अर्धविराम
माझा अनुभव. आईला (ल्युपस, वय ५८) स्टॅटिन सुरू केलं आणि पंधरा दिवसांत पोटऱ्या आणि मांड्या इतक्या दुखायला लागल्या की जिना चढेना. बंद केलं, आठवड्यात बरी. परत घेणार नाही म्हणते. इंटरनेटवर सगळीकडे हेच लिहिलंय की स्टॅटिन स्नायू खातं.

जाडंभिंग
यावर एक भारी प्रयोग आहे, सॅमसन नावाचा, २०२० चा. साठ लोक घेतले, सगळे असे की ज्यांनी त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलं होतं. प्रत्येकाला वर्षभराच्या बाटल्या, चार महिने स्टॅटिन, चार महिने खोटी गोळी, चार महिने रिकामी बाटली, क्रम कसाही. रोज फोनवर त्रासाला शंभरपैकी मार्क द्यायचे. गोळी नसलेल्या महिन्यांत सरासरी ८. स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत? १५.४.
म्हणजे गोळी गिळली की दुखतं, मग आत काही असो नसो. दुखणं खोटं नव्हतं बरं का, लोकांना खरंच दुखत होतं. कारण फक्त वेगळं होतं. त्यातल्या निम्म्यांनी नंतर स्टॅटिन परत सुरू केलं.

अर्धविराम
म्हणजे माझी आई नाटक करते?

जाडंभिंग
अजिबात नाही, तसं वाटलं असेल तर सॉरी. तेच तर लिहिलंय, दुखणं खरं असतं.

स्टेथोवाला
अर्धविराम, सॅमसनमधले लोक ल्युपसचे नव्हते आणि इथेच ल्युपसचा घोळ वेगळा आहे. ल्युपसमध्ये स्नायू दुखायला मुळातच चार-पाच कारणं हजर असतात. आजार स्वतः स्नायूंना सूज आणू शकतो. स्टिरॉइडने मांड्या अशक्त होतात, त्यात दुखत कमी आणि जिना चढताना, खुर्चीतून उठताना ताकदच राहत नाही, आणि सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल येतं. थायरॉइड, व्हिटॅमिन डी हे आहेतच. म्हणून मी स्टॅटिन सुरू करायच्या आधी एक सीपीके करून ठेवतो, म्हणजे पुढे दुखलं तर तुलना करायला काहीतरी असतं. आईंचं तेव्हा सीपीके केलं होतं का? नसेल तर परत विचारायला हरकत नाही, कमी डोस किंवा दुसरं स्टॅटिन चालू शकतं. आणि क्वचित का होईना, स्टॅटिनमुळे खरा गंभीर स्नायूविकारही होतो, लघवी गडद झाली, ताकद गेली तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर.
अजून एक, सगळ्यांसाठी. सायक्लोस्पोरिनवर असाल तर ते आठवणीने सांगा, त्याने स्टॅटिनची रक्तातली पातळी बरीच वाढते. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तेच.

अर्धविराम
नव्हतं केलं. विचारते. आणि ठीक आहे जाडंभिंग, राग नाही, आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली "मला रिकामी बाटलीच बरी".

ओसरीवरची
धागा छान चाललाय, जरा अवांतर. चौदा गोळ्या कशा सांभाळता तुम्ही लोक? मी सात कप्प्यांची डबी घेतलीय, रविवारी रात्री भरते आणि बुधवारपर्यंत मला आठवत नाही की मंगळवारची घेतली की कप्प्यातून पडली. गेल्या महिन्यात एचसीक्यू सोफ्याखाली सापडली.

पारिजात१२
मी रिकाम्या पट्ट्या फेकत नाही, महिनाअखेर मोजते. वेडेपणा आहे पण चालतो.

आळशी_कासव
मी अलार्म लावतो. अलार्म वाजला की बंद करतो. गोळी राहते.

ओसरीवरची
कासवा तुला कसला आजार आहे?

आळशी_कासव
ल्युपसच आहे हो. नऊ वर्षं झाली. पुरुषांना होत नाही असं मला पहिले आठ महिने तीन डॉक्टरांनी सांगितलं. दहात एखादा आम्ही असतो.

मधलीवाट
अरे! इतकी वर्षं तुझे विनोद वाचतेय, माहीतच नव्हतं. आणि अलार्म बंद करू नकोस मेल्या, एचसीक्यू तरी चुकवू नकोस.

स्टेथोवाला
मधलीवाट यांना अनुमोदन. स्टॅटिनवर आपण एवढं भांडतोय, पण ल्युपसमध्ये हृदयाची काळजी घेणाऱ्या औषधांत एचसीक्यूचा मान मोठा आहे. भडके कमी करतं, त्यामुळे स्टिरॉइड कमी लागतं, एलडीएल थोडं खाली आणतं, गुठळ्यांचा धोका कमी करतं. डोस वजनाच्या हिशोबाने, किलोला रोज ५ मिलिग्रॅमच्या आत, आणि डोळ्यांची तपासणी विसरायची नाही. दुसरं म्हणजे स्टिरॉइड. ते शक्य तेवढं खाली, दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, अशीच आताच्या मार्गदर्शक सूचनांची दिशा आहे. तिसरं बीपी, किडनीवाल्यांना तर फारच. सिगारेटचं वेगळं सांगत नाही.

खवचट
बरं मग मधलीवाट ताईंना १०४ वर अटॅक का आला हे कोणी सांगेल का? कोलेस्टेरॉल दोषी नाही हे त्यांच्याच उदाहरणाने सिद्ध होतं.

स्टेथोवाला
प्रश्न चांगला आहे, टोमणा सोडून. १०४ म्हणजे निर्दोष नाही, निरोगी भिंतीला कदाचित चाललं असतं. ल्युपसमध्ये धमनीची आतली भिंतच वर्षानुवर्षं सुजेने खरवडली जाते, मग कमी एलडीएलही तिथे चिकटतं. "चांगलं" म्हणतात ते एचडीएलही ल्युपसमध्ये आपलं साफसफाईचं काम सोडून सुजेला हातभार लावतं असं दिसलंय. शिवाय अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असतील तर गुठळीच थेट बसू शकते, तिथे स्टॅटिनचं फार चालत नाही, तो रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा प्रांत.

मधलीवाट
माझ्या त्या अँटिबॉडी निगेटिव्ह होत्या. प्लाकच (धमनीत साठलेला चरबीचा थर) होता, डावीकडच्या मुख्य शाखेत, स्टेंट आहे. आणि अटॅकच्या आधीची पाच वर्षं माझं स्टिरॉइड कधी १५ च्या खाली गेलं नव्हतं. त्याबद्दल मला कोणी ओरडलं नाही तेव्हा.

जाडंभिंग
यात एक गंमत आहे. २००८ ची ज्युपिटर ट्रायल, १७,८०२ लोक, सगळ्यांचं एलडीएल १३० च्या खाली पण सीआरपी २ किंवा वर. म्हणजे कोलेस्टेरॉल ठीक पण अंगात सूज. रोसुव्हास्टॅटिन २० दिलं तर अटॅक, पक्षाघात वगैरे मिळून ४४ टक्के कमी. हे वाचलं की वाटतं ल्युपस म्हणजे सूजच सूज, इथे तर स्टॅटिन चमत्कार करणार. पण ल्युपसचं सीआरपी लहरी असतं, आजार भडकलेला असताना पण कित्येकदा ते वाढत नाही. त्यामुळे ज्युपिटरचं गणित जसंच्या तसं इकडे उचलता येत नाही. अ‍ॅपलच्याच आकड्यांचं नंतर परत विश्लेषण झालं, त्यात वयात आलेल्या आणि सीआरपी जास्त असलेल्या मुलांमध्ये स्टॅटिनचा उपयोग दिसल्यासारखा वाटला. दिसल्यासारखा म्हणतोय कारण निकाल लागल्यावर गट पाडून शोधलं की काहीतरी सापडतंच.
जवळचा पुरावा हवा तर संधिवाताचा आहे, रूमॅटॉइडचा. ट्रेस-आरए, जवळपास ३००० पेशंट, अ‍ॅटोर्व्हा ४०. खोट्या गोळीवाल्यांत ३६ जणांना अटॅक, पक्षाघात वगैरे, गोळीवाल्यांत २४. बरं दिसतं ना? पण घटनाच इतक्या कमी घडल्या की ट्रायल मध्येच थांबवावी लागली, आणि ३६ विरुद्ध २४ संख्याशास्त्राच्या चाळणीतून खाली पडलं. तीन हजारांना नाही पुरलं तर ल्युपसचे तेवढे पेशंट एका ट्रायलला कोण आणि कुठून गोळा करणार? म्हणून हे उत्तर लवकर मिळेल असं मला वाटत नाही.

रानजाई
सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं सगळं. भावालाही लिंक दिली, तो आता जाडंभिंग यांचा पंखा झालाय. म्हणजे थोडक्यात, ल्युपस आहे म्हणून आपोआप स्टॅटिन नाही, पण एलडीएल वाढलेलं असेल तर बाकीच्या लोकांना जसं देतात तसं ल्युपसवालीलाही द्यायचं, बरोबर?

स्टेथोवाला
बरोबर. आता तुमच्यापुरते दोन प्रश्न, उत्तर इथे नाही दिलंत तरी चालेल, डॉक्टरांना द्या. एक, १६२ आलं तेव्हा लघवीतून प्रोटीन किती जात होतं आणि स्टिरॉइड किती होतं? किडनीतून प्रोटीन गळत असलं की लिव्हर भरपाई म्हणून कोलेस्टेरॉलवाले कण भराभर बनवतं आणि एलडीएल चढतं, स्टिरॉइडही हातभार लावतं. किडनी शांत झाली की आकडा आपोआप उतरतो, किती ते माणसागणिक. दोन, मूल हवं आहे का, आणि कधी?

रानजाई
पहिल्याचं उत्तर, तेव्हा प्रोटीन भरपूर जात होतं आणि स्टिरॉइड ३० होतं. दुसऱ्याचं उत्तर, हो. पुढच्या वर्षी. हे मला कोणी विचारलंच नव्हतं आणि मीही बोलले नाही.

स्टेथोवाला
मग हे आधी बोला, स्टॅटिनपेक्षा आधी. मायकोफेनोलेट गरोदरपणात चालत नाही, बाळाला व्यंग येऊ शकतं, निदान सहा आठवडे आधी बंद करून अ‍ॅझाथायोप्रिनसारखं चालणारं औषध सुरू करतात, आणि किडनी किमान सहा महिने शांत असावी अशी अट असते. स्टॅटिनही बहुतेक बायकांना बंदच करायला सांगतात. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये गरोदरपणातली सरसकट बंदीची भाषा सौम्य केली, पण ती फार जास्त धोका असलेल्यांचा विचार करता यावा म्हणून. एचसीक्यू मात्र चालू ठेवायचं, ते अजिबात सोडायचं नाही.

मधलीवाट
बघ, पंधराव्या गोळीवरून कुठे पोचलीस. अपॉइंटमेंटला जाताना कागदावर लिहून घेऊन जा गं, आत गेलं की आपण सगळं विसरतो आणि "बरी आहे" म्हणून बाहेर येतो.

ओसरीवरची
+१०० "बरी आहे".

रानजाई
सांगितल्याप्रमाणे अपडेट, धागा वर काढतेय. चार महिने झाले, उशिराबद्दल सॉरी.
कागद घेऊन गेले होते. डॉक्टरांनी आख्खा वाचला, मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले हे मी विचारायला पाहिजे होतं. पट्टी फोडली नाही हेही सांगितलं, ओरडले नाहीत. ठरलं असं की स्टिरॉइड उतरू दे, प्रोटीन उतरू दे, तोवर थांबू आणि परत मोजू. गेल्या आठवड्यात स्टिरॉइड ५ वर, प्रोटीन बरंच कमी, आणि एलडीएल गोळीशिवाय १२१. बीपीची एक गोळी मात्र बदलली, जी होती तीही गरोदरपणात चालत नाही म्हणून, हे तर आपल्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.
स्टॅटिन आत्ता नाही. बाळाचं झालं की परत हिशोब मांडू म्हणाले, कायमची सुटका नाही.

स्टेथोवाला
बीपीच्या गोळीचं माझ्या डोक्यात यायला हवं होतं. चूक मान्य. तुमच्या डॉक्टरांना नमस्कार सांगा.

सायंतारा
खूप बरं वाटलं वाचून. माझ्या लेकीने आता स्वतःच डबी भरायला घेतलीय, मला हात लावू देत नाही.

खवचट
म्हणजे शेवटी गोळी न घेताच उतरलं ना? मी काय म्हणत होतो?

जाडंभिंग
खवचटराव, ते मायकोफेनोलेटने उतरवलंय. तीही गोळीच असते. आणि तीही मुळात पेनिसिलियम बुरशीतूनच आलीय.

आळशी_कासव
अलार्म वाजतोय. थांबा, आज घेऊन येतो.